लाइट जाणार हे धरूनच पार्क बांधा

सुट्टीत जुरासिक वर्ल्ड इव्होल्यूशन हा डायनासोरांचा पार्क चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळायला घेणार असाल, तर पहिला डायनासोर सोडण्याआधी काय काय तयार हवं ते एकदाच सांगून टाकते. पहिला भाग २०१८चा, दुसरा २०२१चा, तिसरा २०२५मध्ये आला. मी दुसऱ्याबद्दल बोलतेय. तो सेलमध्ये बऱ्यापैकी उतरतो आणि थोड्या जुन्या मशिनवरही निभावतो. तिसऱ्यात पिल्लंबिल्लं आली आहेत, पण तयारी तीच.

मशिनबद्दल फार बोलत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ऑफिसच्या लॅपटॉपचा जीव काढू नका. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर १४ दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर, पैसे परत मागता येतात. तेव्हा ते दोन तास पार्कला नाव काय द्यायचं यावर घरात चर्चा करण्यात घालवू नका. डाऊनलोड रात्री लावून झोपा. माउस घ्या, टचपॅडवर कुंपण आखता येत नाही. पुढे.

आता वीज. आधी घरची, मग पार्कातली, आणि दोन्हीकडे घोळ एकाच जागी होतो.

पुण्यात गुरुवार हा देखभालीचा वार. कुठे पाणी बंद, कुठे लाइट. आपल्या भागाचं बहुधा आदल्या दिवशी कळतं, ते वाचा आणि गुरुवारी सकाळी मोठं काही बांधायला घेऊ नका. एप्रिल-मे असेल तर मात्र वार बघण्यात अर्थ नाही. दुपारनंतर आभाळ भरून आलं, वारा सुटला, गच्चीवरचे कपडे काढायला लोक पळाले, की लाइट जाणार असं धरा. वळवाचा पहिला थेंब पडायच्या आधीच जाते. डेस्कटॉपवाल्यांना यूपीएस लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या यूपीएसमधली बॅटरी जिवंत लागते, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. टेबलाखाली हिरवा दिवा लागलेला डबा पडलाय म्हणून निर्धास्त होऊ नका. आतली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी काही वर्षांत मान टाकते आणि दिवा खुशाल हिरवाच राहतो. तपासायची रीत सोपी आहे. गेम बंद करा, उघडी कामं सेव्ह करा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळाकडे बघा. पी-पी करून लगेच अंधार झाला तर बॅटरी बदला. बहुतेक वेळा नुसती बॅटरी बदलून भागतं, दुकानदार अख्खा नवा यूपीएस गळ्यात मारायला बघेल, तिकडे लक्ष देऊ नका. अजून एक. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. जड ग्राफिक्स कार्डाचं मशीन, मॉनिटर, वर वूफरवाले स्पीकर असं सगळं त्याच्यावर लादलंत, तर बॅटरी कालची असली तरी तो हात वर करेल. स्पीकर काढा, राउटर लावा. सेव्ह क्लाउडवर जायला नेट लागतं.

पार्कातही हेच आहे आणि मी तिथेच आपटले. पॉवर स्टेशन बांधायचं, सबस्टेशनांनी वीज पुढे न्यायची, हे गेम स्वतःच हाताला धरून शिकवतो. त्यावर वेळ घालवत नाही. पण विजेचं कुंपण वीज असेपर्यंतच विजेचं असतं. गेली की उरतं साधं कुंपण, आणि मोठ्या मांसाहारी प्राण्याला साधं कुंपण म्हणजे अडथळाच नव्हे. म्हणून शहाणी माणसं कुंपणाजवळ बॅकअप जनरेटर उभा करतात. मीही केला होता. जनरेटरला इंधन लागतं. ते संपतं. ते आपल्याला भरावं लागतं. उभा केला तेव्हा नीट चालत असतो, म्हणून नंतर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आमच्या सोसायटीच्या जनरेटरसारखंच आहे हे: दसऱ्याला त्याला झेंडूचा हार मिळतो, डिझेल मात्र लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकल्यावर आठवतं.

वादळ आलं, सबस्टेशन बसलं. जनरेटरवर टिचकी मारली तर टाकी कोरडी. अलोसॉरस कुंपणाला लागून फेऱ्या मारत होता. तो थांबला, मान तिरकी केली, दोन पावलं मागे गेला आणि डोकं खाली घालून सरळ कुंपणावर. शेजारी भाचा बसला होता. इतका वेळ अलोसॉरसला खायला सोडलेल्या बकऱ्या मोजत होता, तो अगदी शांतपणे म्हणाला, "मावशी, तो बाहेर आलाय." बाहेर म्हणजे नेमका खाण्याच्या स्टॉलांच्या रांगेत. पुढचं सांगत नाही.

तर, इंधन. पहिला मांसाहारी सोडायच्या आधी इंधन बघा. वादळाची सूचना झळकली की बाकी काही करण्याआधी इंधन बघा. खात्यात पैसे साठले आणि आता हॉटेल बांधू या असं वाटलं, तर हॉटेल थांबू शकतं, इंधन बघा. नवा जनरेटर उभारलात म्हणून जुना आपोआप भरत नाही, दोन्ही बघा. मी तर आता वेगळं एन्क्लोजर, म्हणजे प्राण्यांचं कुंपण घातलेलं आवार, बांधायला घेण्याआधी आधीच्या सगळ्या जनरेटरांवरून एक चक्कर मारते. भाचा वैतागतो. वैतागू दे.

याच ओघात: पॉवर स्टेशनची क्षमता पुरेपूर वापरू नका, थोडी शिल्लक ठेवा. प्रत्येक नवी इमारत वीज खाते. आणि सगळ्या मांसाहारी एन्क्लोजरांचा भार एकाच सबस्टेशनवर टाकू नका, ते पडलं की सगळं एकदम उघडं.

कुंपण. हलकं, जड, काँक्रीटचं, विजेचं असे प्रकार आहेत. शाकाहारींना हलकं चालतं, ते खूश असतील तर. खूश नसतील तर ट्रायसेराटॉप्सही कुंपण तोडतो, शाकाहारी म्हणजे गरीब गाय नव्हे. मांसाहारींना दुहेरी कुंपण करा, दोन्हींच्या मधे मोकळा पट्टा ठेवा, आणि फाटक एकापुढे एक अशी दोन. रेंजरची, म्हणजे पार्काच्या रखवालदाराची, गाडी आत जाताना एक उघडं राहिलं तरी दुसरं बंद असतं. हा खर्च फुकट वाटतो. मार्च २०२४मध्ये कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला आणि सापडेपर्यंत पर्यटकांना आत सोडणं बंद करावं लागलं, ते आठवा आणि दुसरं कुंपण घाला. बाहेर आलेल्याला पकडायला हेलिकॉप्टरवाली कॅप्चर टीम हवी, आणि ती ज्या इमारतीतून निघते तिलाही वीज हवीच. जनरेटर तिच्याजवळही ठेवा. भरलेला.

जागा आखताना पहिला प्राणी आत सोडायच्या आधीच एन्क्लोजर मोठं करा. नंतर वाढवायला गेलात की मधे झाडं, रस्ते, बघायची गॅलरी, सगळं आडवं येतं. प्रत्येक जातीला किती मोकळं रान, किती जंगल, किती पाणी हवं हे तिच्या माहितीत दिसतं. ते वाचल्याशिवाय अंडं उबवायला टाकू नका. शाकाहारी इथे थेट झाडपाला खातात, तोही प्रत्येकाचा वेगळा: कुणाला उंचावरची पानं, कुणाला फळं, कुणाला जमिनीलगतचं. चुकीची झाडं लावली तर हिरव्यागार रानात प्राणी उपाशी फिरतो आणि आपण विचार करत बसतो की याला झालंय काय. मांसाहारींचे फीडर, म्हणजे खाद्य ठेवायच्या जागा, रिकामे होतात, त्यांना रेंजर टीम कायमची नेमून द्या, म्हणजे दर वेळी आपल्याला पळावं लागत नाही. कोणाला कोणाबरोबर ठेवायचं तेही बघा. काही जाती एकमेकींना सहन करत नाहीत, आणि गर्दी झाली की शांत प्राणीही बिथरतो.

डायनासोर तयार करायला जीवाश्म लागतात, ते आणणाऱ्या मोहिमा जगभर जातात. टी-रेक्सचे अवशेष अमेरिकेतल्या हेल क्रीकमधून येतात, व्हेलोसिरॅप्टरचे मंगोलियातल्या जादोख्तामधून. पुण्याखाली खणून काही मिळायचं नाही, इथे सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ. खऱ्या डायनासोरसाठी चंद्रपूरकडे जा, तिथल्या डोंगरगावला इसिसॉरसची हाडं सापडली. असो. मोहिमांवर पैसा लागतो, तेव्हा सुरुवातीला टी-रेक्सच्या मागे लागू नका. लहान शाकाहारींचा एक कळप बरी कमाई करून देतो आणि रात्री झोपही लागते.

शास्त्रज्ञ. प्रत्येकाला वाहतूक, जनुकं आणि प्राण्यांची देखभाल या तिन्हींत कमी-जास्त गती असते. स्वस्तातला घेतला तर कामं रेंगाळतात, महागडा घेतला तर पगार. मधले दोन-तीन घ्या. महत्त्वाचं हे की त्यांना विश्रांती द्या. सलग जुंपलेला शास्त्रज्ञ आधी कुरकुरतो आणि मग घातपात करतो, हे खरंच होतं. अंडी निवडताना स्वभाव वाचा. भांडकुदळ स्वभावाचा प्राणी केवळ रंग सुंदर म्हणून घेऊ नका.

सेव्ह. ऑटोसेव्हवर विसंबून राहू नका. संकट येऊन गेल्यावरही ऑटोसेव्ह होतो, मग तुमच्याकडे उद्ध्वस्त पार्काचीच जपून ठेवलेली प्रत उरते. प्रत्येक मोठ्या कामाआधी वेगळ्या नावाने सेव्ह करा. 'नवीन', 'नवीन२', 'खरंच नवीन' अशी नावं देऊ नका, चार दिवसांनी काही कळत नाही. 'अलोसॉरसआधी' असं द्या.

प्राणी आजारी पडतात. फिरतं पशुवैद्यकीय पथक आधी निदान करतं, मग औषध मारता येतं. जास्त जखमी असेल तर उचलून दवाखान्यात न्यावा लागतो. दवाखाना आधी बांधून ठेवा, साथ आल्यावर नव्हे. या दवाखान्यालाही वीज लागते. हो, इंधन.

वादळं. कुठे हिमवादळ, कुठे धुळीचं, कुठे चक्रीवादळासारखं, ठिकाणानुसार. निवारे बांधा, आणि सूचना आली की स्वतः उघडा. बांधले म्हणजे पब्लिक आपोआप आत जाईल अशी समजूत करून घेऊ नका. वादळ गेल्यावर आधी कुंपणं दुरुस्त, मग दुकानं. उलट करणारे लोक मी पाहिलेत.

पब्लिकचं थोडक्यात: साधे, साहसी, निसर्गप्रेमी आणि श्रीमंत असे चार प्रकार येतात, दुकानं त्यांच्या आवडीने सजवली की पैसा वाढतो. एवढं पुरे. स्वच्छतागृहं, बाकडी, कचराकुंड्या तुम्ही लावालच.

उडणारे आणि पाण्यातले प्राणी पार्क स्थिर झाल्यावर. ते तसेही डायनासोर नाहीत, पण तो वाद भाच्याशी घालून झाला आहे, पुन्हा नको. उडणाऱ्यांसाठी बंद घुमट लागतो, पाण्यातल्यांसाठी मोठं तळं, दोन्ही महाग.

फोटो, कारंजी, रंगीत दिवे सगळ्यात शेवटी. रंगीत दिव्यांआधी काय बघायचं ते परत लिहीत नाही.