पहिल्यांदाच टीम सांभाळताय? आधी निर्णयाचं पान तयार करा

गोदाम हलवायचं असो, वीस जणांचा ट्रेक न्यायचा असो, की दुकानाची नवी बिलिंग सिस्टीम शनिवारी रात्री चालू करायची असो, काम बिघडतं ते बहुतेकदा एकाच जागी. थांबायचं की पुढे रेटायचं हे ठरवायला प्रमुख उशीर करतो. तोवर माणसं दमलेली असतात, पैसा गुंतलेला असतो आणि ‘आता एवढं केलंच आहे तर...’ असं कुणीतरी बोलून गेलेलं असतं. त्या वाक्यानंतर डोकं शांत ठेवून ठरवणारी माणसं फार थोडी.

म्हणून ज्या कामांत चुकीची किंमत जीव किंवा वर्षभराचं पीक अशी असते, तिथले लोक आयत्या वेळच्या हुशारीवर विसंबत नाहीत. कधी थांबायचं, कुणी थांबवायचं, कुठल्या आकड्यावर थांबवायचं हे आदल्या दिवशीच ठरवून मोकळे होतात. तेच तुम्हाला एका कागदावर उतरवायचं आहे. एकच पान, हाताने लिहिलेलं, सगळ्यांना दिसेल असं. त्यावर काय लिहायचं ते वेगवेगळ्या धंद्यांकडून घेऊ.

वैमानिकाकडून: थांबायची कारणं तीन टप्प्यांत

विमान धावपट्टीवर वेग घेत असताना प्रत्येक टप्प्याला वेगळा नियम असतो. साधारण ८० नॉट्सपर्यंत (म्हणजे ताशी सुमारे १५० किमी; काही विमानांत १०० नॉट्स) छोटी शंका आली तरी थांबता येतं. त्यापुढे थांबायची कारणं मोजकीच उरतात: इंजिन बंद पडणं, आग, विमान उडूच शकणार नाही अशी खात्री. आणि ‘व्ही वन’ हा वेग ओलांडला की इंजिन गेलं तरी उड्डाण करायचं, कारण उरलेली धावपट्टी ब्रेकला पुरत नाही. हा वेग वजन, तापमान, धावपट्टीची लांबी पाहून प्रत्येक उड्डाणाआधी काढतात आणि कुठल्या प्रसंगी काय करायचं हे दोघे वैमानिक आधीच मोठ्याने बोलून घेतात. ‘व्ही वन’ पुकारलं गेलं की कॅप्टन थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा, हात काढून घेतो. हात तिथे राहिला तर तो सवयीने मागे ओढला जाण्याची भीती असते.

तुमच्या पानावर हेच तीन भाग करा. पहिल्या भागात कुणीही, कुठल्याही कारणाने काम थांबवू शकतं. दुसऱ्यात थांबायची कारणं जास्तीत जास्त चार. दहा लिहिली तर आयत्या वेळी एकही आठवत नाही. तिसऱ्यात फक्त पुढे. तिथे कुणी ‘पण आपण परत एकदा विचार केला तर?’ म्हणालं, तर तो विषय काम संपल्यावर.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मर्यादेच्या क्षणी विचार सुरू करणं. व्ही वनचा अर्थ ‘इथे ठरवा’ असा नाही. थांबायचं असेल तर थांबण्याची पहिली कृती तोवर सुरू झालेली असली पाहिजे. म्हणजे तुमची मर्यादा दुपारी २ ची असेल, तर आकडे १:१५ ला हातात हवेत.

ट्रेक लीडरकडून: मागे फिरण्याची वेळ उलटी मोजून

सह्याद्रीत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पायथ्याला ५ ला पोहोचायचं, एक तास राखीव. वीस जणांना उतरायला अडीच तास, त्यात कुणाचा पाय मुरगळला किंवा कुणी कातळटप्प्यावर घाबरून बसलं, तर अर्धा तास जादा. म्हणजे २ ला जिथे असाल तिथून उतरायचं. माथा वीस मिनिटांवर दिसत असला तरी. चढायला किती वेळ लागेल यावरून ही वेळ कधीच काढायची नाही. शेवट धरायचा आणि मागे यायचं.

आकडा काढणं सोपं, पाळणं अवघड. १० मे १९९६ ला एव्हरेस्टवर मागे फिरण्याची वेळ दुपारी १ किंवा २ अशी चर्चेत होती. मोहिमांचे अत्यंत अनुभवी नेते स्वतःच २ नंतरही शिखराच्या आसपास होते. त्या रात्रीच्या वादळात डोंगराच्या दोन्ही बाजूंनी चढणारे मिळून ८ गिर्यारोहक गेले. नेत्याला नियम ठाऊक होता. पण तो मोडणाऱ्याला अडवणारं दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून पानावर वेळेशेजारी एक नाव लिहा आणि ते तुमचं नको. ट्रेकमध्ये हे काम शेवटी चालणाऱ्याला दिलं तर उत्तम. सगळ्यात दमलेली माणसं त्यालाच दिसतात आणि माथ्याची ओढ त्याला सगळ्यात कमी असते. ऑफिसात असा माणूस शोधायचा झाला तर काम वेळेत झाल्याचं श्रेय ज्याला मिळणार नाही, तो निवडा.

आचाऱ्याकडून: कुठला निर्णय आज, कुठला आयत्या वेळी

सगळंच आधी ठरवलं तरी पंचाईत होते. हे लग्नाच्या आचाऱ्याइतकं कुणाला कळत नाही.

आमंत्रणं ४०० ची आहेत. पोळी, गोड पदार्थ असलेल्या जेवणात माणशी ९० ग्रॅम तांदूळ धरला तर ३६ किलो. चांगला आचारी ३६ किलो एकदम चढवत नाही. शंभराची पंगत धरून ९ किलोचे चार हिस्से करतो. सुरुवातीला दोन शिजवतो. उरलेले १८ किलो कोरडेच ठेवतो आणि एका पातेल्यात आधण तयार असतं. भाताला शिजून वाफ मुरेपर्यंत ३५ मिनिटं, पंगत उठायला ४० ते ४५. म्हणून दुसरी पंगत बसली की बाहेर किती माणसं उभी आहेत ते मोजून यायला पोऱ्याला पाठवायचं. तिसऱ्या पंगतीपुरती दिसली तर तांदूळ धुऊन रोवळीत, नाही तर नाही. न लागलेला तांदूळ पोत्यात परत जातो. शिजलेला भात परत कुठे जाणार?

श्रीखंडाचं मात्र असं चालत नाही. दही आदल्या रात्री टांगलं नाही तर सकाळी चक्का नाही, आणि मग कितीही धावपळ केली तरी उपयोग नाही.

पानाच्या मागच्या बाजूला तुमच्या कामातल्या निर्णयांचे दोन ढीग करा: श्रीखंड आणि भात. प्रत्येकासमोर ‘उशिरात उशिरा कधी’ ती वेळ लिहा. श्रीखंडाच्या ढिगातले आजच उरका. भाताच्या ढिगातल्यांसमोर कुठला आकडा पाहून ठरवायचं आणि तो कोण आणून देणार हेही हवं. आणि आकडा बाहेर उभ्या असलेल्या माणसांचा, यजमानांच्या यादीचा नव्हे. यादी हा महिन्याभरापूर्वीचा अंदाज असतो. नव्या प्रमुखाची धाव नेमकी उलटी असते, भाताचे निर्णय पंधरा दिवस आधी पक्के आणि दही टांगायचं राहून गेलेलं.

द्राक्षबागायतदाराकडून: परतता येत नाही ते तुकड्यांत

ऑक्टोबर छाटणी एकदा झाली की झाली. तारीख मागे घेता येत नाही. लवकर छाटली तर माल लवकर येतो आणि भाव चढा मिळण्याची शक्यता असते. पण परतीचा पाऊस नेमका फुलोऱ्यात सापडला तर गळकूज. उशिरा छाटली तर बाजारात सगळ्यांचाच माल एकदम. नाशिक-सांगलीकडचा जाणता बागायतदार यावर पैज लावत नाही. चार एकर असतील तर आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत छाटतो. पाऊस आला तर एखादा तुकडा सापडेल, सगळी बाग नाही. त्याची किंमत म्हणजे मजुरांच्या जादा खेपा आणि फवारणीची वेगवेगळी वेळापत्रकं. ती मोजायची तयारी हवी.

डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीरोगाचंही बघा. पानावर तेलकट पिवळे डाग दिसले म्हणजे रोग आधीच आत शिरलेला असतो. म्हणून फवारणीचा इशारा डागाचा नसतो. पाऊस किती, पानं किती वेळ ओली राहिली, वेल कुठल्या अवस्थेत आहे, यावरून ठरतो. ‘ग्राहकांच्या तक्रारी आल्या तर बघू’ असं तुमच्या पानावर लिहिलेलं असेल, तर तो डाग आहे. त्याच्या आधी काय ओलं होतं ते शोधा: उत्तर द्यायला लागणारा वेळ, अर्धवट राहिलेली कामं, रजा मागणारी माणसं.

सगळं एकदम पेटलं तर

मोठ्या अपघाताच्या जागी पहिला पोहोचलेला वैद्यकीय कर्मचारी उपचाराला बसत नाही, आधी वर्गवारी करतो. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली ‘स्टार्ट’ पद्धत यासाठी वापरतात. ज्यांना चालता येतं त्यांना एका बाजूला जायला सांगायचं, ते हिरवे. उरलेल्यांपैकी प्रत्येकाला मिनिटभराच्या आत पाहायचं. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तो काळा, म्हणजे वाचण्याची आशा नाही. मार्ग मोकळा केल्यावरच श्वास सुरू झाला, किंवा श्वास मिनिटाला ३० च्या वर, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला २ सेकंदांहून जास्त, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, तर लाल, म्हणजे उपचार सगळ्यांत आधी. बाकीचे पिवळे. मध्ये फक्त श्वासमार्ग मोकळा करणं आणि वाहतं रक्त दाबणं, एवढंच.

सगळ्यात मोठ्याने ओरडणारा बऱ्याचदा हिरव्यांत निघतो. फोनवर आरडाओरडा करणारा ग्राहकही. तुमचे तीन प्रश्न आधी लिहून ठेवा, हो-नाही उत्तराचे: माणसाला इजा होऊ शकते का? तासाभरात नुकसान दुप्पट होईल का? दुसरं कुणी हे करू शकतं का? आणि वर्गवारी संपेपर्यंत स्वतः स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका.

बोलू शकतील अशी माणसं

२७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन ७४७ विमानं आदळली, ५८३ माणसं गेली. परवानगीविना धाव घेतलेल्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं का, असं विचारलं होतं. कॅप्टनने झालं म्हणून सांगितलं आणि विषय तिथेच संपला. त्यानंतर हवाई क्षेत्रात कनिष्ठाने बोलायचं शिक्षण सुरू झालं. दोनदा बजावूनही प्रतिसाद नाही, तर सहवैमानिकाने ताबा घ्यायचा, हा दंडक त्यातलाच.

ऑपरेशन थिएटरमध्ये याची सुरुवात नावापासून होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या १९ कलमी यादीत चीर देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. बालिश वाटतं. पण एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे शंका आली तर दुसऱ्यांदा उघडतो. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात नवी दिल्लीही होती. मात्र नुसत्या खुणा मारून घेतल्या तर यादी कागदच राहते. ती मोठ्याने वाचायची आणि वाचताना हातातलं काम थांबवायचं.

तुमच्या माणसांना ‘काही अडचण आहे का?’ विचारू नका. सगळे ‘नाही’ म्हणतात. ‘आज कुठे फसेल?’ असं विचारा, सगळ्यात नव्या माणसापासून. तुमचं मत शेवटी.

भरलेलं पान

गोदाम शनिवार-रविवारी हलवायचं आहे, सोमवारी ९ ला माल निघालाच पाहिजे. पान असं दिसेल:

- मागे फिरायची वेळ: रविवार दुपारी २. (सोमवारचा माल जुन्या गोदामात परत न्यायला टेम्पोच्या दोन खेपा, ४ तास, हमाल ७ ला जातात, १ तास राखीव.) मोजणी १:१५ ला.
- आकडा: १० पैकी ६ पेक्षा कमी रॅक लागले असतील तर परत.
- शनिवार दुपारपर्यंत: कुणीही, कशासाठीही थांबवा.
- त्यानंतर थांबायची कारणं: कुणी जखमी, वीज नाही, छत गळतंय.
- यासाठी थांबायचं नाही: लेबलं राहिली, पंखे नाहीत, दोन माणसं आली नाहीत.
- ‘थांबा’ म्हणणार: हिशेबनीस. तो ओझी उचलणार नाही.
- श्रीखंड: टेम्पो, वीजजोडणी (गुरुवारपर्यंत). भात: जादा हमाल (रविवार ११ ला उरलेली खोकी मोजून).
- तुकडे: कमी खपाचा माल शनिवारी, रोजचा रविवारी.

हिशेबनिसाने ‘थांबा’ म्हटलं आणि तुम्ही ‘अजून अर्धा तास बघू’ म्हणालात, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल. त्याचा निर्णय चुकीचा वाटला तरी त्या दिवशी थांबा, वाद मंगळवारी घाला.

काम संपल्यावर त्याच पानावर लाल पेनाने खऱ्या वेळा लिहा: सहावा रॅक किती वाजता लागला, टेम्पोच्या एका खेपेला किती वेळ गेला, ‘थांबा’ कुणी आणि कधी म्हटलं. हे रविवारी रात्रीच करायचं. सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर प्रत्येकाला आपल्याला हे सगळं आधीच ठाऊक होतं असं वाटायला लागलेलं असतं.