सांगलीची हळद पहिल्यांदा परदेशी पाठवताना एलसी कशी वाचावी

आयईसी (आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक) आणि मसाला बोर्डाची नोंदणी ऑनलाइन होते, त्यासाठी एजंटला पैसे मोजू नका. सुरुवातीला देश एकच धरा. नमुना पाठवायचा तो ज्या लॉटमधून माल देणार त्याच लॉटचा, सोबत कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) आणि शिशाचा लॅब रिपोर्ट. आपल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे, पण खरेदीदार आधी रिपोर्टच मागतो.

आता एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: ठरलेले कागद बरोबर दिले तर पैसे देऊ, अशी खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी. ‘एलसी आली म्हणजे पैसे आले’ असं मार्केट यार्डात छातीठोकपणे सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. एलसी यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांवर चालते आणि त्यात बँकेला हळदीशी काही देणंघेणं नसतं, ती फक्त कागद तपासते. माझ्या पहिल्या कंटेनरला माल जहाजात चढवण्याची शेवटची तारीख होती २०. न्हावा शेव्याला जहाज लांबलं आणि बीएलवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर, बिल ऑफ लेडिंगवर) ‘ऑन बोर्ड’चा शिक्का पडला २१ चा. राजापुरी हळकुंड, पॉलिश चोख, वजन बरोबर, तरी बँकेने कागदात चूक काढली आणि पैसे खरेदीदाराच्या होकारावर अडकले. तोवर भाव उतरला होता. खरेदीदाराने सूट मागितली. माल त्याच्या बंदरात, भाडं रोज चढतंय, द्यावीच लागली.

म्हणून एलसी उघडण्याआधी तिचा मसुदा मागवा आणि चहा बाजूला ठेवून ओळ न् ओळ वाचा. जहाजाच्या अपेक्षित तारखेपुढे निदान पंधरा दिवसांची सवड घ्या. कागद सादर करायची मुदत लिहिली नसेल तर नियमाने माल चढल्यापासून २१ दिवस मिळतात, पण एलसीची मुदत संपायच्या आत. सात दिवसांची अट घातली असेल तर बदलून घ्या. मालाचं वर्णन इन्व्हॉइसमध्ये एलसीत आहे तसंच उतरवा, अगदी स्पेलिंग चुकलेलं असलं तरी. आणि खरेदीदाराच्या माणसाची सही लागणारा तपासणी दाखला मागितला असेल तर साफ नकार द्या. त्याने सही अडवली की तुमचे पैसे अडले. दुरुस्ती हातात पडल्याशिवाय ट्रक सांगलीतून हलवायचा नाही.

कंटेनर कोरडा बघून भरा. खरेदीदाराच्या बँकेबद्दल शंका असेल तर ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा विमा घ्या.

कागद दिल्यावर तपासायला बँकेला पाच कामकाजाचे दिवस असतात. त्या दिवसांत रोज सकाळी बँकेत फोन करा, कारण मुदत शिल्लक असेल तर चुकलेला कागद बदलून देता येतो.