कंपनी घडवायची आणि हातात द्यायची: कुपवाडमधल्या आमच्या व्हेंचर स्टुडिओची रीत

कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. खाली लेथ चालतं, वर आम्ही तिघं. मी हिशेब आणि करार बघते, एक भागीदार डिझाइन बघतात आणि तिसऱ्यांचं आयुष्य सांगलीच्या बाजारपेठेत गेलंय. नवी कंपनी घडवायची आणि ती चालवणाऱ्या माणसाच्या हातात द्यायची, हेच आमचं काम. यालाच व्हेंचर स्टुडिओ म्हणतात.

इन्क्युबेटरकडे तुम्ही स्वतःची कल्पना घेऊन जाता. ते जागा देतात, सल्ला देतात, ओळखी करून देतात. स्टुडिओत प्रश्न आम्हीच शोधतो, पहिला नमुना आम्हीच करतो आणि मग संस्थापक शोधायला निघतो. बिल ग्रॉस यांनी 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथं आयडियालॅब सुरू केली, तेव्हापासून ही पद्धत जगात रुळली. सांगलीत ती चालते का, असं मला सारखं विचारतात. चालते. पण सुरुवात शेडवरून करावी लागते, लॅपटॉपवरून नाही.

शेड म्हणजे बेदाण्याची शेड. तासगाव भागात फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, जाळीच्या रॅकवर टाकतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. आम्ही गेलो होतो आर्द्रता मोजणारं यंत्र डोक्यात घेऊन. सावळजच्या एका काकांनी रॅकवरून मूठभर बेदाणे उचलले, घट्ट दाबले आणि मूठ उघडली. दाणे सुटे होऊन पसरले. "झाला माल," ते म्हणाले, "यात तुमचं यंत्र काय वेगळं सांगणार?" मग स्वतःच पुढं बोलले, "वळीव आला की रात्री दोन वाजता कागद ओढायला माणूस नसतो, त्याचं काहीतरी करा." कागद म्हणजे शेडच्या बाजूंना सोडतात तो प्लॅस्टिकचा पडदा. तो वेळेत ओढला नाही तर माल भिजतो, काळा पडतो आणि सौद्यात दर कोसळतो.

म्हणून पहिली पायरी अशी: किमान तीस जणांच्या बांधावर जा आणि आपली कल्पना सांगू नका. शेवटचं नुकसान कधी झालं, किती झालं, तेव्हा काय केलं, एवढंच विचारा. चार वेगवेगळ्या गावांतून न सुचवता तीच तक्रार आली, तर ती वहीत घ्या.

वहीत कल्पनेला नाव द्यायचं नाही, नंबर द्यायचा. फ्लॅगशिप पायोनियरिंग या अमेरिकन स्टुडिओची ही रीत आहे. तिथून निघालेली लस बनवणारी मॉडर्ना कंपनी आधी नुसती एलएस18 होती. नाव ठेवलं की जीव जडतो आणि बंद करायची वेळ आली की हात उचलत नाही. आर्द्रतेचं यंत्र आमच्या वहीत 11 नंबर होतं, ते त्याच संध्याकाळी खोडलं. पडदा 14 नंबर झाला.

प्रत्येक नंबरला आम्ही बारा आठवडे आणि तीन लाख रुपये देतो. त्यात दोन गोष्टी व्हायलाच हव्यात: चालणारा नमुना आणि गिऱ्हाइकाचा आगाऊ पैसा. "छान आहे, करा" या शब्दांना आमच्याकडे किंमत नाही. आम्ही पाचशे रुपये पावती करून मागतो. रक्कम लहान आहे, पण ती देताना माणूस खरा विचार करतो. पडद्यासाठी सव्वीस जणांना विचारलं, नऊ जणांनी दिले. आम्हाला सहा पुरेसे होते.

पहिला नमुना विजेच्या मोटरवर केला आणि शेडवर लावला. पहिल्याच वळवाला आधी लाइट गेली, मग पाऊस आला. पावसाचा सेन्सर बरोबर होता, गिअर बॉक्स बरोबर होता, पडदा जागचा हलला नाही. दुसऱ्या नमुन्यात ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घातली आणि हातानं फिरवायचा दांडाही ठेवला. हा दांडा काढू नका असं मी आजही सांगते. मशीनवर विश्वास बसेपर्यंत शेतकऱ्याला आपला हात लागतो.

आता संस्थापक. हे सगळ्यात अवघड काम आहे, इथं घाई करू नका. पडद्यासाठी आम्हाला मिळालेला मुलगा सांगलीच्या वालचंद कॉलेजचा इंजिनिअर, पुण्यात नोकरीला, घरची द्राक्षबाग. त्याला आधी महिनाभर शनिवार-रविवार शेडवर नेलं. मुलाखतीत जे कळत नाही ते शेतकरी रागावल्यावर कळतं. तो ऐकून घ्यायचा आणि रात्री फोन करून पुन्हा विचारायचा.

हिश्श्याची गोष्ट मी कळकळीनं सांगते, कारण तिथं आम्ही एक चांगला माणूस गमावलाय. आमच्या पहिल्या कंपनीत स्टुडिओचा वाटा सत्तर टक्के ठेवला होता. कल्पना आमची, पैसा आमचा, म्हणून ते रास्त वाटलं होतं. पुण्यातल्या एका गुंतवणूकदारांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "हा संस्थापक नाही, तुमचा मॅनेजर आहे." त्यांनी पैसे घातले नाहीत. चौदा महिन्यांनी त्या कंपनीचा संस्थापकही गेला.

आता आम्ही संस्थापकाला 55 टक्के देतो, स्टुडिओला 30 ठेवतो आणि 15 पुढं येणाऱ्या माणसांसाठी राखतो. संस्थापकाचा वाटा चार वर्षांत पक्का होतो आणि वर्षाच्या आत सोडलं तर काही मिळत नाही. स्टुडिओ जर कंपनीच असेल तर पन्नास टक्क्यांवर जाऊच नका. तसं केलं की नवी कंपनी कायद्यानं तुमची उपकंपनी होते आणि 'स्मॉल कंपनी'च्या सवलती जातात.

प्रायव्हेट लिमिटेडला दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात. नोंदणीनंतर तीस दिवसांत ऑडिटर नेमा आणि 180 दिवसांत व्यवसाय सुरू केल्याचं घोषणापत्र भरा. हे आमच्याकडून कधी चुकत नाही, कारण ते माझ्या टेबलावर असतं. खरं चुकतं ते ड्रॉइंगचं. नमुना कंपनीच्या आधी झालेला असतो, म्हणजे ड्रॉइंग डिझाइनवाल्या भागीदाराचं. ते लेखी करार करून कंपनीच्या नावावर करा, पहिला माल विकण्याआधी.

पहिली दीड वर्षं जीएसटी, पगार, खरेदी, करार हे सगळं स्टुडिओनं सांभाळायचं. एकटा नवा मुलगा मोटर वाइंडिंगवाल्याकडे गेला तर त्याला रोख मागतात, आमच्या नावावर तीस दिवसांची उधारी मिळते. ही खरी मदत. मात्र त्याचा खर्च दर महिन्याला लिहून दाखवा आणि नफा न लावता घ्या.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना आपल्या संस्थानात जागा दिली आणि पैशाचीही मदत केली. 1910 मध्ये तिथं वसाहत उभी राहिली. जागा औंधची होती, पण वाडी किर्लोस्करांची झाली. आमच्या करारात मी हेच आणायचा प्रयत्न करते.

म्हणून सोडायची तारीख करारात पहिल्याच दिवशी लिहा. आमच्याकडे ती अठरा महिन्यांची आहे. त्या दिवशी बँकेतली आमची सही काढायची, हिशेबाच्या फायली द्यायच्या, आणि पुढं बोर्डावर फक्त एक खुर्ची ठेवायची. पडद्याच्या कंपनीची तारीख गेल्या सोमवारी होती. बँकेतून आल्यावर तिचा संस्थापक माडीवर आला, माझ्याच टेबलावर बसून त्यानं एकट्याच्या सहीचा पहिला चेक लिहिला. वाइंडिंगवाल्याचा, 18,400 रुपयांचा. मग खाली जाऊन स्वतः देऊन आला.