सरासरीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढायला बसण्याआधी

कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरी सरासरी कुठे असेल याचा, नमुन्यावरून काढलेला दोन आकड्यांमधला अंदाज. कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी नमुना कसा निवडला ते विचारा. बांधालगतचा सोयीचा तुकडा मोजला असेल, तर पुढचं गणित कितीही बिनचूक केलं तरी उत्तर भलतंच येईल. पीक कापणी प्रयोगात, म्हणजे शेतातला ठरावीक तुकडा कापून उत्पादन मोजताना, कापायचा प्लॉट यादृच्छिक (रँडम) अंकांनी ठरवतात तो यासाठीच. ही पद्धत भारतात रुजवणाऱ्यांपैकी संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. लंडनमध्ये ते जेर्झी नेमन यांच्याकडे शिकले आणि त्याच नेमन यांनी १९३७ साली कॉन्फिडन्स इंटरव्हलची रीतसर मांडणी केली. शिवाय एकाच शेतातले चार प्लॉट हे चार स्वतंत्र निरीक्षणं म्हणून मोजू नका, ते एकमेकांसारखेच असतात.

आकडे हाती आले की आधी एका रेषेवर ठिपके काढून पाहा. एखादाच लांब पडला असेल तर थांबा, नोंद तपासा. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप, काढताना नमुनासंख्येतून एक वजा करून भागणारं बटण दाबा. कॅल्क्युलेटरवर पूर्ण नमुनासंख्येने भागणारंही बटण असतं.

समजा १६ प्लॉट, सरासरी हेक्टरी २० क्विंटल, प्रमाण विचलन ४. सोळाचं वर्गमूळ ४, त्याने विचलन ४ ला भागलं की सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यागणिक सरासरी किती हलेल याचं माप, १ येते. ९५ टक्क्यांच्या इंटरव्हलसाठी ही त्रुटी एका आकड्याने गुणायची. इथे सवयीने १.९६ घेतलं जातं, आणि ते चूक आहे: समष्टीचं, म्हणजे सगळ्याच प्लॉटांचं, विचलन आपल्याला माहीत नाही, ते याच सोळा आकड्यांवरून अंदाजलंय. त्या अनिश्चिततेची भर घालतो टी-तक्ता, जो डब्लिनच्या गिनेस या बिअर कारखान्यात काम करणाऱ्या गॉसेट यांच्या १९०८ च्या शोधनिबंधातून आला. १५ स्वातंत्र्यमात्रांसमोर (नमुनासंख्या वजा एक), दोन्ही बाजू धरून ५ टक्क्यांच्या रकान्यात २.१३१ मिळेल. २० मधून २.१३१ वजा आणि त्यात तेवढेच अधिक केले की इंटरव्हल १७.८७ ते २२.१३. रुंदी निम्मी हवी असेल तर साधारण चौपट, म्हणजे ६४ प्लॉट लागतील. बजेट मांडताना हे आधीच सांगा.

अर्थ लिहायला सर्वात जास्त वेळ ठेवा. ९५ टक्के प्लॉट या दोन आकड्यांमध्ये आहेत, असं मुळीच नाही; विचलन ४ असताना कित्येक प्लॉट बाहेरच असणार. खरी सरासरी यात असण्याची शक्यता ९५ टक्के, हेही नेमन यांच्या मांडणीत बसत नाही, कारण खरी सरासरी ठरलेली आहे, नमुन्यागणिक हलतो तो इंटरव्हल. असंच पुन्हा पुन्हा नमुने घेत गेलो तर शंभरातले सुमारे पंचाण्णव इंटरव्हल खऱ्या सरासरीला कवेत घेतील, हे वाक्य न बघता लिहिता येईपर्यंत सराव करा. त्याच्याखाली एकक, नमुनासंख्या आणि प्लॉट कसे निवडले ते लिहा.