हार्ड डिस्कचं पार्टिशन, फॉरमॅट करताना या चुका टाळा (जुनी डिस्क आधी काढून ठेवा)

चवथीच्या आदल्या आठवड्यात डिचोलीहून मावसभावाचा फोन आला, "दादा, डिस्क रिकामी दिसतेय रे." नवीन १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणलेली, ती डिस्कपार्टने (विंडोजमधलं कमांड लिहून डिस्क हाताळायचं साधन) साफ करून घ्यायची होती, आणि शेजारीच जुनी १ टीबीची लावलेली, तिच्यात दहा वर्षांच्या घुमट आरत्या, माटोळीचे फोटो, आज्जीच्या आवाजातली फुगडीची गाणी. दोन्ही डिस्क ९३१ जीबी दाखवतात (कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, म्हणून १ टीबीची कुठलीही डिस्क तेवढीच दिसते, यात फसवणूक काही नाही). त्याने सिलेक्ट डिस्क करताना १ च्या जागी २ टाकलं आणि क्लीन मारलं. डिस्कपार्ट "नक्की ना?" असं विचारत नाही, दोन सेकंदात काम संपलं.

खरं तर तिथेच थांबला असता तर बरंच काही, कदाचित सगळंच परत आलं असतं, कारण साधं क्लीन फक्त पार्टिशनची (डिस्कचे जे भाग केलेले असतात त्यांची) माहिती पुसतं, फायली जागेवरच असतात. पण त्याने नवीन पार्टिशन करून, फॉरमॅट करून वर पन्नासेक जीबी कॉपीही केले, मग जे त्याखाली गेलं ते गेलंच. आरत्या बऱ्याचशा मिळाल्या, काहींची नावं गेली. आज्जीची दोन गाणी नाहीच मिळाली.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, ज्या डिस्कवर काम करायचं नाही ती आधी काढा, केबलच काढा. नुसत्या साईजवर विश्वास ठेवू नका. सिलेक्ट केल्यावर परत एकदा लिस्ट डिस्क मारा, निवडलेल्या डिस्कच्या पुढे छोटा तारा दिसतो, तो तारा बघितल्याशिवाय पुढचं काही टाईप करू नका. आणि ज्यांना कमांड लिहायची सवय नाही त्यांनी विंडोजचं बटण आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडावं, तिथे पट्ट्या दिसतात, निळी म्हणजे पार्टिशन, काळी म्हणजे मोकळी जागा, आणि पुसण्याआधी तो निदान विचारतो तरी.

चुकून पुसलंच तर त्या डिस्कवर एक अक्षरही लिहू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या डिस्कवर टाकून तिथून चालवा. एसएसडी असेल तर आशा खूप कमी, कारण ट्रिम नावाच्या सोयीमुळे ती पुसलेली जागा स्वतःच रिकामी करून टाकते.

दुसरी तक्रार नेहमीची, सी ड्राईव्हमध्ये २०० जीबी मोकळे आहेत पण श्रिंक व्हॉल्यूम (पार्टिशन लहान करून जागा काढायचा डिस्क मॅनेजमेंटमधला पर्याय) ४० च देतो. पेजफाईल, हायबरनेशनची फाईल, रिस्टोर पॉइंट या विंडोजच्या स्वतःच्या गोष्टी जागच्या हलत नाहीत आणि त्यांच्या अलीकडे तो सरकू शकत नाही, तेव्हा हायबरनेशन आणि सिस्टम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करून रिस्टार्ट करा, मग परत बघा. आकडा एमबीत टाकायचा असतो हे लक्षात ठेवा, १०० जीबी म्हणजे १०२४००, बरेच जण १०० टाकतात आणि इवलंसं पार्टिशन होतं.

एक्स्टेंड व्हॉल्यूम (पार्टिशन वाढवायचा पर्याय) फिका दिसतो तेव्हा मोकळी जागा लगेच उजवीकडे आहे का ते बघा. मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं बहुतेक वेळा, ते आणि ईएफआयचं (लॅपटॉप सुरू व्हायला लागणाऱ्या फायलींचं) छोटं पार्टिशन "एवढंसं तर आहे" म्हणून उडवू नका, ईएफआय गेलं तर लॅपटॉप सुरूच होणार नाही.

नवीन डिस्क दिसतच नाही म्हणून दुकानात परत घेऊन जाणारे पण पाहिलेत मी, फोंड्याहून पणजीपर्यंत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला इनिशियलाईज (वापरासाठी तयार) करायची असते, पार्टिशनची नोंद ठेवायच्या दोन पद्धती विचारतो त्यातली जीपीटी निवडा, जुन्या एमबीआरमध्ये २ टीबीच्या वरची जागा वापरताच येत नाही. कधी फक्त ड्राईव्ह लेटर दिलेलं नसतं, तेवढं दिलं की झालं. मात्र जुनी, भरलेली डिस्क लावल्यावर "वापरण्याआधी फॉरमॅट करा" असा मेसेज आला तर कॅन्सल करा, आधी केबल, पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर बदलून बघा.

फॉरमॅट निवडताना नाटकाचं किंवा भजनाचं लांब शूटिंग असेल तर फॅट३२ नको, ४ जीबीच्या वरची फाईल ती घेतच नाही. फक्त विंडोजला वापरायची तर एनटीएफएस, मॅकवरही लावायची तर एक्सफॅट. क्विक फॉरमॅट बहुतेकदा पुरतं, डिस्क विकायची किंवा कुणाला द्यायची असेल तर टिक काढून पूर्ण करा, तास न् तास लागतात.

आणि पावसात तर यातलं काहीही लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरूनच करा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर. श्रिंक चालू असताना लाईट गेली तर फाईल सिस्टम बिघडू शकते, आणि आपल्याकडे जून-जुलैत लाईट कधी जाईल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.