गूगल चॅटमध्ये ऑफिसची कामं कशी वाटून द्यावीत?

कर सल्लागाराचं चार-पाच जणांचं ऑफिस घ्या. ग्रुपवर मेसेज पडतो, ‘फर्निचरवाल्यांची बिलं आलीत, कोणीतरी बघा.’ तीन अंगठे उमटतात आणि बिलं तशीच राहतात, कारण ‘कोणीतरी’ नावाचा माणूस कुठल्याच ऑफिसात कामाला नसतो. इकडे दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या तपशिलाचं जीएसटी रिटर्न) मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची (एकूण गोषवारा देऊन कर भरायचं रिटर्न) २० तारखेला संपते. उशीर झाला की विलंब शुल्क दिवसागणिक चढतं. गूगल चॅट वापरत असाल, तर यावरचा उपाय त्यातच आहे.

आधी ‘न्यू चॅट’मधून एक स्पेस, म्हणजे टीमची सामायिक जागा, तयार करा आणि सहकाऱ्यांना त्यात घ्या. दोघांमधल्या खाजगी चॅटमध्ये काम नेमून देण्याची सोय मिळत नाही, स्पेसच लागते. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी स्पेस काढायच्या फंदात पडू नका, महिन्याभरात कोणी तिकडे फिरकेनासं होतं. ‘जीएसटी’, ‘आयकर’, ‘वसुली’ अशा कामाच्या प्रकारानुसार दोन-तीन पुरतात.

स्पेस उघडली की वर ‘टास्क्स’ हा टॅब दिसेल. तिथे ‘अ‍ॅड स्पेस टास्क’वर क्लिक करा.

आता खरं काम, म्हणजे शीर्षक लिहिणं. ‘फर्निचरवाले जीएसटी’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याने करायचं काय? ‘फर्निचरवाल्यांची जुलैची विक्री बिलं तपासून जीएसटीआर-१ भरणे’ असं लिहा. काम कुठे संपतं ते शीर्षकातूनच कळलं पाहिजे. बिलांच्या फोल्डरची लिंक, ग्राहकाकडून काय यायचं राहिलंय, हे तपशिलात टाका.

तारीख कायद्याची नको, तुमची घाला. ११ ची मुदत असेल तर ८ किंवा ९. शेवटच्या दिवशी जीएसटीचं पोर्टल किती रडवतं, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

मग ‘असाइन’मधून माणूस निवडा. एका टास्कला एकच नाव देता येतं. काहींना ही अडचण वाटते, मला तर हीच यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. दोघांचं काम असेल तर दोन टास्क करा: एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं. नेमलेलं काम त्या माणसाच्या स्वतःच्या गूगल टास्क्समध्ये (गूगलची कामांची यादी) जातं, तारीख असेल तर कॅलेंडरवरही दिसतं. स्पेसमध्येही तसा मेसेज पडतो, त्यामुळे ‘मला कोणी सांगितलंच नाही’ म्हणायची सोय उरत नाही.

काम झालं की शेजारच्या गोलावर क्लिक करायचं. ही खूण ज्याचं काम त्यानेच करायची, असं आधीच ठरवून घ्या. स्पेसमधला कोणीही दुसऱ्याचं टास्क बदलू, पुसू किंवा पूर्ण दाखवू शकतो, तेव्हा इथे शिस्त माणसांनीच पाळायची आहे.

आठवड्यातून एकदा, शक्यतो सोमवारी सकाळी, सगळ्यांनी मिळून टास्क्सचा टॅब उघडा आणि तारीख उलटून गेलेलीच कामं बघा. बाकीच्यांवर चर्चा नको, नाहीतर चहा गार होईपर्यंत मीटिंग चालते. कोणी रजेवर जाणार असेल तर नवं टास्क न काढता त्याच टास्कवरचं नाव बदला. म्हणजे तपशिलातल्या लिंका आणि नोंदी नव्या माणसाला आयत्या मिळतात.