हायकोर्टाचा निकाल छापताना आणि पुढे पाठवताना या चुका टाळा

एखाद्या शिक्षकाला सेवासमाप्तीच्या नोटिशीला उत्तर द्यायचे असते, एखाद्या शेतकऱ्याला भूसंपादनाचा वाढीव मोबदला मागायचा असतो. हाताशी असते ती व्हॉट्सअॅप गटावर आलेली ‘हायकोर्टाचा महत्त्वपूर्ण निर्णय’ नावाची पीडीएफ. ती कुठल्या खटल्यातली, किती न्यायमूर्तींची, आज लागू आहे की नाही, काहीच कळत नाही. निकाल सार्वजनिक असतो आणि तो लोकांपर्यंत गेलाच पाहिजे. पण जाताना त्याची ओळख आणि त्याची आजची स्थिती सोबत गेली नाही, तर तो माणसाला चुकीच्या वाटेला लावतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांबाबत हे फार घडते.

नुसता याचिका क्रमांक देणे

‘रिट याचिका क्रमांक अमुक, 2019’ एवढ्यावर निकाल सापडेलच असे नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथे स्वतंत्र क्रमांक पडतात. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंचही बसते. मुंबईत पुन्हा मूळ शाखा आणि अपिलीय शाखा वेगळ्या, दिवाणी आणि फौजदारी वेगळे. शिवाय दाखल करताना मिळालेला स्टॅम्प किंवा लॉजिंग क्रमांक आणि नोंदणीनंतरचा क्रमांक एक नसतो. संकेतस्थळावर शोधूनही ‘नोंद आढळली नाही’ असे आले, तर निकालच खोटा असे लगेच ठरवू नका. आधी ठिकाण बदलून पाहा, मग शाखा, मग नोंदणीऐवजी स्टॅम्प क्रमांक. प्रत्येक प्रकरणाला मिळणारा 16 अक्षर-अंकांचा एकमेव सीएनआर क्रमांक हाती आला तर ही सगळी शोधाशोध टळते.

2023 पासून निकालांवर न्यूट्रल सायटेशन, म्हणजे न्यायालयानेच दिलेला ओळख क्रमांक, येतो. त्यात वर्ष, ‘बीएचसी’ (बॉम्बे हायकोर्ट), मग शाखा किंवा खंडपीठाची खूण आणि क्रमांक असतो. दोन न्यायमूर्तींचा निकाल असेल तर शेवटी ‘डीबी’ (डिव्हिजन बेंच). कोणत्याही खासगी प्रकाशकावर अवलंबून नसलेली ही ओळख आहे, म्हणून निकाल देताना ती पहिल्या ओळीत द्या. जुन्या निकालासाठी पक्षकारांची नावे, प्रकरणाच्या प्रकाराचे पूर्ण नाव, ठिकाण, न्यायमूर्ती आणि तारीख द्या. ‘नागपूर खंडपीठाचा निकाल’ म्हटले की ठिकाण कळते, न्यायमूर्ती एक होते की दोन हे कळत नाही. ते वेगळे सांगावे लागते, कारण निकालाचे वजन त्यावर ठरते.

पानाखालची ओळ कापणे

संकेतस्थळावरून उतरवलेल्या आदेशाच्या प्रत्येक पानाखाली ‘अपलोडेड ऑन’ आणि ‘डाउनलोडेड ऑन’ अशा दोन तारखा असतात. पुष्कळ जण त्यातलीच एक तारीख निकालाची म्हणून छापतात. दुसरे काही जण पान सुबक दिसावे म्हणून ती ओळच कापतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. मुंबईत ‘स्पीकिंग टू द मिनिट्स’ नावाची पद्धत आहे: आदेशातल्या टंकलेखनाच्या किंवा नजरचुकीच्या चुका वकील न्यायालयाच्या लक्षात आणून देतात आणि त्या दुरुस्त होतात. एखादा गट क्रमांक, एखादी रक्कम, मुदतीची तारीख अशी बदलते. तुमच्याकडची प्रत दुरुस्तीच्या आधीची की नंतरची, हे त्या तळाच्या ओळीवरून तपासता येते. म्हणून ती ठेवा, आणि छापण्याच्या दिवशी त्या प्रकरणातले नंतरचे आदेशही उघडून पाहा.

पुढे काय झाले ते न पाहणे

माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान इथे होते. मराठा आरक्षणाचा कायदा वैध ठरवणारा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 27 जून 2019 चा. सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2021 रोजी तो कायदा रद्द केला. जुना निकाल वाचायला मिळतोच, आणि त्यातले परिच्छेद आजही कापून फिरवता येतात. ‘पॉक्सो’ या बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालचा, त्वचेचा त्वचेला स्पर्श हवा असे म्हणणारा नागपूरचा एकल न्यायमूर्तींचा निकाल 19 जानेवारी 2021 चा. आठच दिवसांत सर्वोच्च न्यायालयात त्याला स्थगिती मिळाली आणि 18 नोव्हेंबर 2021 ला तो फिरवला गेला. निकालाच्या फायलीत यातले काहीही उमटत नाही. ते प्रकाशकानेच शोधून पहिल्या पानावर लिहायचे असते: अपील झाले का, स्थगिती आहे का, मोठ्या पीठाने वेगळे मत दिले का, आणि हे कोणत्या तारखेपर्यंत तपासले.

मतभेद झालेला निकालही असाच अर्धा फिरतो. केंद्र सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे का हे ठरवणाऱ्या सरकारी ‘फॅक्ट चेक युनिट’च्या प्रकरणात 31 जानेवारी 2024 रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते परस्परविरुद्ध आली. दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपल्याला हवे ते मत ‘हायकोर्टाचा निकाल’ म्हणून दाखवले असते, तरी निकाल लागलेला नव्हताच. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी 20 सप्टेंबर 2024 ला मत दिले आणि मग निष्कर्ष ठरला.

युक्तिवादालाच निष्कर्ष समजणे

निकालाची सुरुवातीची कित्येक पाने दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात जातात. तिथले ठसठशीत वाक्य उचलून ‘न्यायालयाने म्हटले’ असे लिहिणे ही रोजची चूक. परिच्छेद कुणाच्या तोंडचा आहे ते आधी पाहा, शेवटचा आदेशाचा भाग वाचा, आणि मगच मथळा द्या.

सारांश एआयसारख्या यंत्राकडून करून घेत असाल तर त्यातला प्रत्येक दाखला मूळ ठिकाणी उघडून पाहा. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक निर्धारण आदेश रद्द केला. इतर उणिवांबरोबर त्यात आधाराला घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते.

सगळेच छापता येते असे मानणे

न्यायालयाने मनाई केली नसेल तर निकालाचा मजकूर छापल्याने कॉपीराइट भंग होत नाही. 1957 च्या कायद्याच्या कलम 52 मध्ये तशी तरतूद आहे. मात्र खासगी रिपोर्टरमधली (निकाल छापणाऱ्या नियतकालिकातली) हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर दिलेला सारांश, आणि संपादकाने घातलेले परिच्छेद क्रमांक त्या प्रकाशकाचे असू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितले. तेव्हा रिपोर्टरचे पान स्कॅन करू नका, न्यायालयाची प्रत घ्या.

नावांबाबत तर फार जपा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे आणि मुलांसाठी ‘पॉक्सो’चे कलम 23 आहे. मुलीचे नाव गाळले, पण आरोपी तिचा बाप आहे आणि त्याचे नाव, गाव छापले, तर सगळ्या गावाला ती कळते. तिथे आरोपीचे नावही झाकावे लागते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणे घटस्फोटासारख्या प्रकरणातला उच्च न्यायालयाचा निकाल छापायला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. हे कित्येक संपादकांना ठाऊक नसते.

मराठी अनुवाद आणि फोनमधली पीडीएफ

न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निकालांचे मराठी अनुवाद असतात. पक्षकाराला आपला निकाल आपल्या भाषेत कळावा म्हणून ते फार मोलाचे आहेत, जरूर वाटा. मात्र अधिकृत मजकूर इंग्रजीच धरला जातो, म्हणून दोन्ही प्रती एकत्र पाठवा.

तहसील कार्यालयात किंवा संस्थेत फोनवरची पीडीएफ दाखवून काम अडले, तर वाद घालत बसण्यापेक्षा न्यायालयाच्या नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. अपिलाचा विचार असेल तर हा अर्ज निकालाच्या दुसऱ्याच दिवशी द्या. मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे नक्कल मिळण्यात गेलेला वेळ मुदतीतून वगळला जातो. अर्ज करायलाच तुम्ही लावलेले दिवस मात्र वगळले जात नाहीत.